राजवाड्यातल्या खुर्चीची खुंटी

परदेशात, बॉटनी डाउन्स नावाच्या उपनगरात आम्ही ज्या घराच्या खालच्या भागात भाड्याने राहायचो, त्याचे मालक एक चिनी आजोबा होते. एकटे आणि महाखडूस. त्यांच्याकडे एक खुर्ची होती. तिच्यावर त्यांनी बायकोलाही आयुष्यभर बसू दिलं नव्हतं आणि हे ते मला अभिमानाने सांगायचे.

खुर्ची रक्तचंदनाची होती. हे लाकूड आपल्या दक्षिणेतून जहाजांनी चीनला जायचं आणि थेट बादशहाच्या कोठारात कुलूपबंद व्हायचं. झाड जाड व्हायला माणसाची कितीतरी आयुष्यं लागतात, त्यामुळे पुढेपुढे राजवाड्यालाही ते मिळेनासं झालं. आजोबांचे पणजोबा तिथल्या कारखान्यात सुतार होते. लाकूड वाया गेलं की सुतारांना फटके पडायचे, हे आजोबा हसतहसत सांगत. खुर्ची पणजोबांच्या हाती कशी लागली, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग मुलाने त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. घर विकायचं, सामानही विकायचं. खुर्ची साधी असेल तर सोबत न्या, म्हणाला, किमती असेल तर ती लिलावात जाईल. आजोबांनी तिला काळंकुट्ट पॉलिश फासलं आणि ही कसल्याशा लाकडाची नक्कल आहे, असं ठोकून दिलं. खरं फक्त मला ठाऊक होतं. म्हाताऱ्याचा मला राग यायचा, पण त्या मुलाचा त्याहून जास्त.

त्याच सुमारास पुण्याहून आई आली. सूज आली की रक्तचंदनाची बाहुली सहाणेवर उगाळून लेप लावायचा, हा आमच्या घरचा पहिला उपचार, डॉक्टर नंतर. लाकडात किडीची भोकं दिसली म्हणून तिची बाहुली विमानतळावर काढून घेतली होती. सहाण तेवढी आत आली. तेव्हापासून ती या देशावर फुरंगटून होती.

आजोबांचा पाय सुजला होता. आई त्यांना रोज वर वरणभात नेऊन द्यायची. तिथे खिडकीत खुर्चीची एक निखळलेली खुंटी पडली होती. तिने ती नखाने खरवडून पाहिली आणि गुपचूप खाली घेऊन आली.

शनिवारी मुलगा एका पारख्याला घेऊन आला. मीही वर गेले होते. पारख्याने खुर्ची उचलून पाहिली, ठोकून पाहिली. "जड आहे, पण या पॉलिशखाली काही कळत नाही. नक्कलच असावी," तो म्हणाला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आई वाटी घेऊन आली. वाटीत लालभडक लेप. पारखी थबकला आणि हे काय, म्हणून विचारू लागला. मी आईला खुणावलं.

"डोळे काय वटारतेस?" ती मला म्हणाली आणि खुंटी नाचवत त्याला सांगू लागली, "धिस चेअर, सेम वुड! इंडियन! ओरिजिनल!"

पारख्याने ओला कापूस खुर्चीच्या बुडाशी, पॉलिश न पोचलेल्या जागी घासला. कापूस लाल झाला.

"स्वीट अ‍ॅज, डॅड," मुलगा म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास.

आजोबांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता. मुलाने त्यांचं एकेक बोट सोडवलं, अगदी हळुवार, दुखू नये म्हणून. मग दोघांनी खुर्ची खाली नेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करणार काय? आई जमिनीवर बसून आजोबांच्या पायाला लेप लावत होती आणि वाळेपर्यंत हलू नका, असं त्यांना मराठीत बजावत होती. आजोबा हलले नाहीत.

मुलगा धावत परत आला. खुंटी राहिली होती.

"तेवढी राहू दे मला," आजोबा इंग्रजीत म्हणाले. त्यांना विनवताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"खुर्चीचाच भाग आहे ना तो, डॅड," मुलगा म्हणाला.

आईला काही कळलं नाही. तिने खुंटी नळाखाली स्वच्छ धुतली, ओढणीला पुसली आणि मुलाच्या हातात दिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "किती व्यवस्थित आहे गं पोरगा. एवढ्याशा तुकड्यासाठी जिना चढून परत आला."