लाल म्हणजे चालू

माझ्या थोरल्या साडूंइतक्या शिस्तीने चुकणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरा नाही, हे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमच्या पॅनलसमोर त्यांची एकतीस वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पॅनल सोडले, पण पॅनलने त्यांना सोडले नाही. घरचा मिक्सरदेखील ते आधी "लावतो" असे मोठ्याने सांगून, ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, आतून "लावा" म्हटल्यावरच लावतात. एकदा ताई भाजीला गेल्या होत्या, तर चटणी दीड तास तशीच राहिली. पंखा दुरुस्त करताना ते स्विचला "काम सुरू आहे" अशी पाटी बांधतात. मागच्या उन्हाळ्यात ती पाटी तशीच ठेवून ते गावी गेले. ज्याने बांधली त्यानेच सोडायची असा नियम असल्यामुळे घरच्यांनी दोन दिवस घाम पुसत काढले.

मुलचेरा तालुक्यातल्या त्यांच्या गावात दोन विहिरी. त्यांतली एकच खोल करायला मंजुरी आली होती आणि कोणती ते एक मेच्या ग्रामसभेत ठरायचे होते. पावसाळ्यात काठोकाठ भरणारी बाजारातली विहीर बहुतेकांना हवी होती. शाळेजवळची भरते कमी, पण आटत नाही, असे साडूंचे म्हणणे. त्यासाठी सहा वर्षे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गावी जाऊन त्यांनी दोन्ही विहिरींचे पाणी टेपने मोजले होते. "वही दाखवली तं कोण पाह्यते भाऊ? पण रेघ हलली का समदे पाह्यतेत," ते मला म्हणाले. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर पायथन ही संगणकभाषा आणि आलेख काढायची तिची पॅकेजे बसवायचे ठरले.

इस्त्रीचा शर्ट घालून ते बसले. प्रत्येक आज्ञा मोठ्याने वाचायची, दाबायची, वेळ वहीत लिहायची. पाच दिवसांनी मी सहज गेलो, तर पडदाभर लाल अक्षरे आणि साडू समाधानाने चहा पीत होते.

"झालं का?"

"चालू आहे. परवापासून."

"भाऊ, यात एरर लिहिलं आहे."

"ते तं पॅनलवर रोजच राह्यते. लाल आहे ना? लाल म्हणजे चालू."

मग उलगडा झाला. त्यांच्या केंद्रात यंत्र चालू असले की लाल दिवा, बंद असले की हिरवा. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळे बरोबर बसवले होते. काम पूर्ण झाल्याची शेवटची पट्टी पडद्यावर हिरवी झाली, तेव्हा मशीन बंद पडले असे समजून त्यांनी ते सगळे काढून टाकले आणि जुनी आवृत्ती आणून लाल होईपर्यंत धीर धरला.

"मले काऊन नाई सांगितलं कोणी?" त्यांनी विचारले.

"तुम्ही कुणाले विचारलं?" ताई आतून म्हणाल्या.

ग्रामसभेला तीन दिवस उरले होते. नवी आवृत्ती परत बसली, पट्टी हिरवी झाली, तरी साडू तिच्याकडे संशयाने पाहतच होते. मी आकडे वाचले, त्यांनी टाइप केले. एकशे चव्वेचाळीस नोंदी व्हायला हव्या होत्या, भरल्या एकशे बेचाळीस. त्यांची आई गेली तो महिना कोरा होता. आधल्या आणि पुढल्या महिन्यावरून अंदाज काढता येईल, असे मी सुचवले. "नाई," ते म्हणाले, "मोजलं नाई ते नाई." तेवढी जागा सोडून दोन्ही रेघा पुढे गेल्या.

ग्रामसभेत त्यांनी छापलेला आलेख भिंतीला लावला. बाजाराच्या विहिरीची रेघ दर मे महिन्यात तळाला टेकत होती, शाळेजवळची एकदाही नाही. लोक जवळ येऊन बोटाने रेघ गिरवू लागले. शाळेजवळची विहीर ठरली. बचत गटातल्या दोघी बायका म्हणाल्या, "आता आम्हीच मोजतो, भाऊ. तुम्ही काऊन एवढ्या दुरून येता?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आता त्या दोघींचा साडूंना फोन येतो. साडू आकडा दोनदा विचारून घेतात आणि रेघ एका ठिपक्याने पुढे सरकते. या कामाला चार मिनिटे लागतात. उरलेला रविवार घेऊन ते आमच्याकडे येतात, अंगणात बसतात आणि गावाकडे आभाळ भरले असेल का, असे मला विचारतात.