नानांचं गलबत

चार माणसं रोज एका ओटीवर जमली की काम होवो न होवो, किस्से मात्र साठतात. आमचं कामच असं होतं, की आजही महाडच्या बाजारात कुणी भेटलं की विचारतं, "ते गलबताचं सांग ना!"

साल असेल अठ्ठ्याण्णव. ओटी नानांची. पोरवयात नाना वडिलांबरोबर शिडाच्या गलबतावर होते. मीठ, कौलं घेऊन सावित्रीच्या खाडीतून ये-जा. पुढे ट्रक आले, गलबत विकलं गेलं. आता काचबिंदूनं नानांची नजर चालली होती, आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नानांना एकच हवं होतं. दिसतंय तोवर वडिलांच्या गलबताचं हातभर मॉडेल, शीड भरून पाण्यात चाललेलं बघायचं. बांधणारे आम्ही तिघं: सुतार शांताराम, डेपोतला मेकॅनिक दिलीप आणि कोर्टात टायपिंग करणारा मी. समुद्र तिघांनीही फक्त सहलीत पाहिलेला.

*

शांताराम पोलादपूरच्या डोंगरवाडीतला. जन्मभर पलंग, देव्हारे आणि दारं केलेली. आठवड्यात गलबत घेऊन आला. तळ सपाट, कोपरे काटकोनात. नानांनी हात फिरवला आणि म्हणाले, "शांताराम, ह्याला झाकण लाव. कपडे ठेवायला बरं हाय."

मग नाना शेजारी बसून तळहातानं तपासायचे आणि शांताराम तासायचा. दुसरं गलबत खरंच सुरेख झालं.

*

शिडासाठी आमच्या हिनं छत्रीचं कापड दिलं. काळं. पावसात टिकतं, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं. पण काळं शीड लावून आपला बाप कधी घरी आला नाही, असं नाना म्हणाले.

शेवटी माईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, ट्रंकेतलं नानांच्या लग्नातलं धोतर काढलं आणि सरळ कात्री चालवली. निदान विचारायचं तरी, अशी नानांनी कुरकुर केली. माई म्हणाल्या, "आता कुठं मिरवायचंय तुमाला?"

त्या दिवशी नाना इतके खूष होते की चहा दोनदा झाला. तो चहा अजून आठवतो.

*

आता दिलीप. नवी गाडी रस्त्यावर काढायची तर चाकाखाली लिंबू आणि पुढे नारळ, हा त्याचा नियम. गलबताला चाक नाही, म्हणून लिंबू तळाखाली ठेवलं. नारळ मात्र त्यानं श्रद्धेनं थेट गलबताच्या टोकावर आपटला.

नारळ शाबूत राहिला. गलबताला बुडापर्यंत चीर गेली!

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत नानांची उरलीसुरली नजरही गेली. दिलीपला कुणी काही बोललं नाही, पण तो ओटीवर यायचा थांबला. नानांनीच माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं.

*

तरीही आम्ही दासगावला खाडीवर गेलो. नानांचाच हट्ट. गलबत हरवू नये म्हणून शांतारामनं त्याला लांब दोरी बांधली आणि टोक नानांच्या हातात दिलं.

पाण्यात सोडताच गलबत आडवं झालं. दिलीप लगेच म्हणाला, "शीड भरलं हो नाना. झोकात चाललंय."

"दोरी ढिली हाय, दिल्या," नाना म्हणाले. "आडवं पडलंय ना?"

दिलीप गुडघाभर चिखलात उतरला. खिशातले नट-बोल्ट वजन म्हणून गलबताच्या तळाशी नीट बसवले आणि ते पुन्हा सोडलं. तेवढ्यात वारा आला. धोतर फुगलं, दोरी ताणली गेली, आणि नानांचा हात आपोआप पुढे झाला.

"किती भरलंय रे?" नानांनी विचारलं.

दिलीपनं चिखलातूनच ताणलेली दोरी हलकेच ओढून सोडली.

"ऱ्हाऊ दे, समजलं," नाना म्हणाले, आणि त्यांनी मूठ उघडली.

शांताराम ओरडला, "नाना, दोरी!"

"ओहोटी हाय," नाना म्हणाले. "बाणकोटाच्या दर्यापर्यंत कोण अडवायचं नाय."