कोरडी चिंधी

धोंडीबाला कुणी प्रामाणिक म्हटलं की तो मान खाली घालायचा, आणि चिखलीचे लोक म्हणायचे, बघा, किती हा विनय! विनय कसला कपाळाचा. त्या शब्दासरशी त्याच्या नाकात दवण्याचा वास शिरायचा, एवढंच.

गोष्ट चौसष्ट सालच्या चैत्रातली. उद्धवराव नावाच्या पुण्याच्या एका गृहस्थांनी इंद्रायणीकाठी चार एकर खंडानं घेऊन दवणा लावला होता आणि शेजारीच पत्र्याच्या छपरात उन्हाळ्यापुरती भट्टी घातली होती. दवणा गावानं पाहिला होता तो देवाच्या पायाशी. त्याचं तेल निघतं म्हटल्यावर म्हातारेकोतारे हसले. पण तेल निघालं. बायका फुलावर आलेला दवणा कापून आणायच्या, तो सावलीत सुकवायचा, मग मोठ्या तांब्याच्या देगेत भरून खाली जाळ घालायचा. वाफ नळीतून गार पाण्याच्या हौदात जायची आणि पलीकडे बरणीत थेंब थेंब पडायची. खाली पाणी, वर तपकिरी तेल. गाडीभर दवण्याला जेमतेम बाटलीभर.

हे तेल पाण्यावरून अलगद काढायचं काम पंचविशीतल्या धोंडीबाचं. हात हलका म्हणून उद्धवरावांनी त्याला ते दिलं होतं. जाळ सांभाळायला होती अंबुबाई. बीडकडची, नवरा मेलेली, पदरात एक लहान मुलगी. परक्या मुलखातल्या माणसावर विश्वास बसायला गावाला वर्षं लागतात. संशयाचं तसं नसतं, तो आल्या दिवशी बसतो.

भट्टीत विडी ओढायची नाही, तेलाला वास लागतो, असा उद्धवरावांचा सक्त नियम होता. एका दुपारी ते जेवायला गेले आणि धोंडीबाला तल्लफ आली. भरलेली बाटली वाळूच्या पेटीत ठेवायची ती त्यानं हौदाच्या कडेवर ठेवली, विडी पेटवायला वळला, आणि कोपर लागलं. बाटली फरशीवर फुटली.

त्याची पाचावर धारण बसली. जुन्या धोतराच्या फाडलेल्या तुकड्यानं त्यानं फरशी टिपली, काचा ओढ्यात टाकल्या, आणि चिंब चिंधी अंबुबाईच्या हातात दिली. "जाळात टाक."

अंबुबाईनं ती जाळात टाकली नाही. हातभर धड कापड कोण जाळतं? ज्याच्या घरी चार धोतरं असतील त्यानं जाळावं. तिनं ते नदीवर तीनदा धुतलं, वाळवलं आणि दवण्याचे भारे उचलायला त्याची चुंबळ करून डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी मोजताना एक बाटली कमी भरली. उद्धवरावांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. म्हणाले, "पाल्याचा वास तुम्हा सगळ्यांना येतो. तो एका अंघोळीत जातो. तेलाचा वास जात नाही." मग एकेकाजवळून ते वास घेत गेले, आणि अंबुबाईच्या केसांशी थांबले.

"म्या चोरी केली न्हाई," ती म्हणाली. "ही चिंधी मला धोंडीबानं दिलीय. इचारा त्याला."

उद्धवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. धोंडीबाची बायको प्रभावती तेव्हा आठव्या महिन्यात होती. हे तो पुढं कितीदा तरी स्वतःला सांगायचा, पण त्या घटकेला त्याला प्रभावती आठवलीच नव्हती. आठवली ती आपली अब्रू.

"दिली होती, साहेब," तो म्हणाला. "पण कोरडी होती."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. अंबुबाई चुंबळ खाली ठेवून निघून गेली. हंगाम संपताना उद्धवरावांनी धोंडीबाला चिठ्ठी लिहून दिली, 'विश्वासू मनुष्य', आणि त्या चिठ्ठीवर पिंपरीच्या एका कंपनीत तो स्टोअरला लागला. अठरा वर्षं किल्ल्या त्याच्या कमरेला. अंबुबाईला गावानं नाव पाडलं, अत्तरवाली. कुणी तिला घरात एकटी सोडेना. पुढं कंपनीतल्या पोरांच्या खानावळीत ती भाकऱ्या थापू लागली, मुलीचं लग्नही दूरच्या गावी उरकलं. तिच्या दारावरून जाताना धोंडीबा सायकलचा वेग वाढवायचा.

ब्याऐंशीच्या चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेआधी पंचांनी ठरवलं, देवळाची किल्ली धोंडीबाकडे द्यायची. त्याच्याइतका खरा माणूस गावात दुसरा नाही. हे ऐकून तो घरी आला तो जेवलाच नाही. सकाळी तडक अंबुबाईच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"अंबुबाई, चिंधी ओली होती," तो म्हणाला. अठरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य केवढंसं!

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला कशाला सांगतोस? मीच पिळली ती. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना सांग."

संध्याकाळी देवळापुढं पंच जमले होते. त्यांच्यातल्या सोपानरावांनी किल्ली पुढं केली. धोंडीबानं हात मागं घेतले आणि सगळं सांगून टाकलं. विडी, बाटली, चिंधी, काही ठेवलं नाही. आता हे थुंकतील, आता उठून जातील, असं त्याला वाटत होतं. थुंकले असते तर बरं झालं असतं.

सोपानराव हसले. "एवढंच व्हय? आरं, भट्टी गेली, उद्धवराव गेले, आता त्या जागी लेथ मशिनी फिरत्यात. कोण ध्यानात ठेवतंय? बघा रं, झाकलेलं पाप असं चारचौघांत कोण सांगतंय? म्हणूनच किल्ली याच्याकडं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोपानरावांनी त्याची मूठ उघडून किल्ली आत कोंबली.

मग ते पायरीवरून उठत म्हणाले, "चला, आरती घ्या. आन् त्या अत्तरवालीला दवण्याच्या जुड्या बांधायला सांगितलं होतं, आली का न्हाई ती?"

"अंबुबाई," धोंडीबा म्हणाला. "तिचं नाव अंबुबाई हाय."

पण तोवर घंटा सुरू झाली होती. समोरून अंबुबाई डोक्यावर दवण्याची पाटी घेऊन येत होती, आणि वाटेतली पोरं तिला वाट देत ओरडत होती, "सरका, सरका, अत्तरवाली आली!"