बिनमाणसाचं विमान

आमचे हे तोफखान्यात होते, पण तोफेपाशी कधीच नसायचे. पाठीवर वायरलेस घेऊन तोफांच्या कितीतरी पुढे डोंगरावर जायचं, गोळा कुठे पडला ते बघायचं आणि मागे कळवायचं, हे त्यांचं काम. म्हणजे समोरच्याच्या बंदुकीला सगळ्यात जवळचा माणूस. हे कळल्यापासून नेकनूरच्या शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात मधेच थांबायचा. गावात नवीन एसटीडी बूथ झाला होता. तिथून कुणी बोलवायला आलं की मी आधी त्याचा चेहरा बघायचे.

डोंगरातली लढाई संपली, तरी सीमेवर अधूनमधून तोफा चालूच होत्या. पुढच्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले.

"आता मला वर जायचं न्हाई," ते म्हणाले. "बाहेरच्या देशातून बिनमाणसाचं विमान आलंय. तेच जातं, वरून चित्र धाडतं. मी गाडीत बसून टीव्हीवर बघतो."

मी त्याच दिवशी पेढे वाटले. हे मात्र चार चार दिवस दाढी करत नव्हते. वडवणीच्या बाजाराला म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. एवढ्या उकाड्यात आम्ही सगळे अंगणात जेवायचो, ते एकटेच घरात ताट घेऊन बसायचे.

एका दुपारी मी अंगणातल्या दोरीवर गोधडी वाळत घालत होते. ते धावत आले आणि माझं मनगट धरून मला पत्र्याखाली ओढलं.

"किती येळ उभी हायस तिथं?"

"अहो, काय झालं?"

ते खाली बसले. मग म्हणाले, "टीव्हीवर पलीकडचा एकजण रोज सकाळी दिसायचा. हिरवा स्वेटर. कांबळं वाळत घालायचा अन् उन्हात डोकं खाजवत बसायचा. नऊ दिवस बघितला. दहाव्या दिवशी मीच तोफांना त्याची जागा सांगितली."

"शिपाईच व्हता ना?"

"व्हता."

"मग? आदी बी तुमीच सांगत व्हता."

"आदी नुसता धूर दिसायचा. आता कांबळं दिसलं. अन् माज्या हातात चहाचा कप व्हता."

तेव्हाच त्यांनी सांगितलं, परत डोंगरावर पाठवा म्हणून अर्ज केलाय. मग मात्र माझा तोल गेला.

"मशीन हाय तर तुमी कशाला मरायला जाता?"

"तिथं मला लई भ्या वाटायचं," ते म्हणाले. "गाडीत बसून कायच वाटंना."

मला ते पटलं नाही. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले नाही. पुढचे आठ महिने बूथचा माणूस दिसला की मी वर्गाचं दार लावून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात त्यांच्याजवळ गोळा फुटला. जीव वाचला, डावा कान गेला. पेन्शनीत आले ते शांत होऊन आले. अंगणात जेवायला लागले. अस्वस्थपणा तेवढा माझ्याकडे राहिला. कधीकधी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून हळू आवाजात भांडते, तुम्ही त्या माणसाचा विचार केलात, माझा नाही केला म्हणून. एकदा ते अचानक वळले आणि म्हणाले,

"जोरात बोल. मला ऐकायचंय."