डोंगराचा लूम

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझी बडबड ज्यांनी ऐकलीय त्यांचा यावर विश्वास बसणार नाही. मी उधळलेले शब्द एकापुढे एक मांडले तर भिवंडीच्या नारपोलीतून निघालेली रांग कल्याणला वळसा घालून परत येईल, आणि तरी शेपूट उरेल. एवढ्या रांगेत हे मात्र नाही. का नाही? — सांगतो. जरा आडवळणाने सांगतो. सरळ रस्त्याने मी तिथवर पोचेन याची मला खात्री नाही.

भिवंडीतल्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, पेपर लिहायला शिकवतो. कवितेचं रसग्रहण घ्या — कवी कोण, यमक कसं, अलंकार कुठला, आणि शेवटी 'मला ही कविता का आवडते'. त्याचं उत्तर मी फळ्यावर लिहून देतो, आणि बावन्न मुलांना ती कविता एकाच कारणासाठी, एकाच स्पेलिंगमध्ये आवडते. पण वर्गात मजा असते हं! पास्ट परफेक्ट मी असा शिकवला की मागच्या बाकावरच्याला मागचा जन्म आठवला. एसटी स्टँडवर भेटलेल्या एका गोऱ्या साहेबाला मी 'द' आणि 'दी'मधला फरक समजावला आणि तो रडला, असंही मी मुलांना सांगतो. साहेब स्टँडवर कशाला मरायला येईल? मुलं विचारत नाहीत. हसतात, घंटा झाली की निघून जातात. मग मी टेमघरला खोलीवर येतो, कुलूप काढतो — आणि शंभर माणसांना पुरेल एवढं बोललेल्या माणसाला उद्याच्या हजेरीपर्यंत एक वाक्य बोलायला कोणी नसतं.

बघा, पुन्हा स्वतःबद्दलच सुटलो. गोष्ट दर्शनाची आहे.

सात वर्षं झाली. दहावी ब, दुसरा बाक. दर्शना जवळच्या शेलार गावाहून यायची. शेतीवाल्यांच्या घरातली, बोलणं सगळं गावचं — हाय, न्हाय, येगळं. तिच्याकडे एक डिक्शनरी होती. काकाने भंगाराच्या गोदामातून आणलेली, पुठ्ठा गेलेली, 'ए' अर्धा उंदरांनी खाल्लेला. ती ते बाड पिशवीत घालून रोज आणायची. अख्ख्या वर्गात तेवढी एकच.

एका उताऱ्यात वाक्य आलं — धुक्यात प्रवाशांपुढे एक डोंगर 'लूम्ड'. आता लूम म्हणजे काय हे भिवंडीत सांगावं लागतं का? इथे मूल आईच्या पोटातूनच कापड विणणाऱ्या लूमची खटखट ऐकतं. निम्म्या वर्गाचे बाप लूमवर ड्युटी करणारे. मी क्षणभर अडलो — अगदी क्षणभर — आणि सुटलो. डोंगर म्हणजे लूम! धुकं म्हणजे सूत! डोंगर डबल शिफ्ट करून प्रवाशांसाठी ढगांचं कापड विणतोय, खटाखट, खटाखट! मी टेबल बडवलं, मुलांनी बाक बडवले, शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई डोकावून गेल्या. मागून एक ओरडला, "सर, पहाड़ का सेठ कौन?" मी म्हटलं, "सेठ ऊपरवाला! बोनस के टाइम मिलता नहीं!" असा तास माझ्या जन्मात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दर्शना उभी राहिली.

"सर, डिक्शनरीत येगळाच अर्थ हाय. मोठं कायतरी अंधारातून एकदम समोर येतं, भ्याव वाटंल असं, त्याला म्हनतात. कापडाचं काय न्हाय तिथं."

वर्ग माझ्याकडे बघत होता. काय म्हणायचं होतं मी? शाब्बास. एवढंच ना? मी म्हणालो, "हाय? हाय-हॅलो करून झालं असेल तर आधी शुद्ध बोल. मराठी धड येत नाही आणि निघाली सरांना इंग्रजी शिकवायला! तुझी डिक्शनरी लंडनसाठी छापलीय बाई. ही भिवंडी हाय!"

वर्गात हशा फुटला. ती उभीच. मग मी तिला फळ्याशी बोलावलं आणि तिच्याच हाताने लिहून घेतलं — लूम म्हणजे वीव्ह, विणणे. मोठ्या अक्षरात.

माझी आई मरेपर्यंत हाय-न्हायच बोलली. शाळेत हे कोणाला माहीत नाही.

पण थांबा, ते अजून पुढेच आहे. एवढ्यावर तुम्ही म्हणाल, राग आला, जीभ घसरली. त्या संध्याकाळी मी खोलीवर शब्दकोश काढला. ती म्हणाली होती तेच होतं. भ्यावसुद्धा. मी जेवलो, भांडी घासली, पुन्हा उघडून बघितलं — जणू तेवढ्यात छपाई बदलली असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती हसणारी तोंडं सोडली तर माझ्याकडे दुसरं होतं काय? — नको. हे कारण म्हणून नाही सांगत.

प्रिलिमचा पेपर मीच काढला. त्यात तो शब्द घातला. मुद्दाम. तिने खरं लिहिलं तर गुण द्यायचा, गुपचूप, म्हणजे झालं — असं मनाशी ठरवलेलं. गठ्ठ्यातून तिचा पेपर आधी काढला. तिने बरोबर अर्थच लिहिला होता. मग पट्टी लावून त्यावर एक सरळ रेघ मारली होती, आणि पुढे लिहिलं होतं — वीव्ह. खोडलेलं स्पष्ट वाचता येत होतं.

मी वीव्हपुढे बरोबरची खूण केली. पूर्ण गुण दिला. लाल शाईत 'गुड' लिहिलं.

हे ते.

तिने पुढे कधीच काही विचारलं नाही. चांगल्या गुणांनी पास झाली, पेढे घेऊन आली, पाया पडली. मी तिच्या बापाला म्हणालो, "पोरगी गुणी आहे. माझा शब्द मोडत नाही."

डोंगराचा लूम मी अजूनही दरवर्षी सांगतो. मुलंच मागतात. खटखट वाढत गेलीय; गेल्या वर्षी डोंगराला युनियनही काढून दिली.

यंदा नववीत शेलारची एक मुलगी आलीय. परवा मी शब्द फळ्यावर लिहिला आणि गोष्ट सुरू करण्याआधी तिला उठवलं. ती पटकन म्हणाली, "वीव्ह, विणणे." मी विचारलं, "तुला गं कसं माहीत?"

"दर्शनाताईची शिकवणी हाय ना मला," ती म्हणाली. "ताई सांगते, खरा अर्थ येगळा हाय, पन तो आपल्यापाशी ठेवायचा. पेपरात सर म्हनतात त्योच लिवायचा."

टोमणा नव्हता. व्याकरणाचा नियम सांगावा तसं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "बरोबर. बस." आणि पुढचा शब्द घेतला.