सुनावणीला नेलेला हात

काकीचा उजवा हात दोन माणसांचं काम करतो, असं काका म्हणायचे. ते कामाला होते ती कापडगिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. तेव्हा लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत काकीने भाकऱ्या थापायला घेतल्या. परळच्या इस्पितळांत बाहेरगावचे रोगी यायचे, त्यांच्या माणसांना घरचं जेवण हवं असायचं. काकी डबे भरायची, काका पोचवायचे. मी तालुक्याच्या शाळेतून दहावी होऊन त्यांच्याकडे शिकायला आले होते. घरात पगार नाही आणि वर हे एक जास्तीचं तोंड. एकदा मी गावी परत जाते म्हणाले, तर भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "जा. पण बी.ए. होवन जा." आमच्या घराण्यात पहिली पदवी आली ती त्या तव्यावरून.

त्या दिवसांतही काका कडक इस्त्रीच्या शर्टाशिवाय नाक्यावर गेले नाहीत. पेज पिऊन झाली की तळाशी राहिलेल्या पेजेची काकी कपड्यांना खळ करायची. "आपला आपल्याकडे," म्हणायची. "लोकांका कित्याक दाखवूचा?" आमच्या चाळीत सगळ्यांचंच तसं होतं. कुणी "कसं चाललंय?" विचारलं की उत्तर एकच, "बरं आहे."

मला नोकरी लागली, लग्न होऊन मी दादरला आले. पहिल्यांदा हातात चार पैसे खेळू लागले तेव्हा मी काका-काकींचा आरोग्यविमा काढला. पुढे काका गेले. नंतर काही वर्षांनी काकीच्या स्तनात गाठ निघाली. ज्या इस्पितळाच्या दारात तिचे डबे जायचे, तिथेच तिचं ऑपरेशन झालं. विमा कंपनीने तो खर्च दिला. मी किती जणांचे आभार मानले असतील!

मग तिचा हात सुजू लागला, तोच उजवा. फिजिओथेरपीच्या बाईंनी समजावलं की ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, त्यामुळे हातातला द्रव वर परतत नाही, तिथेच साचतो. हे आता जन्मभराचं. उपाय म्हणजे मापाची घट्ट, लवचिक बाही. मनगटापासून खांद्यापर्यंतची. सकाळी चढवायची, झोपताना काढायची. काही महिन्यांनी ती सैल पडते, मग नवी घ्यायची. बाही नसेल तर हाताला थरांवर थर बँडेज गुंडाळायचं. पण बँडेजमध्ये कोपर नीट वाकत नाही, भाकरी थापता येत नाही. बाहीत येते. शिवाय सूज तशीच राहिली तर साध्या ओरखड्यानेही हातात जंतू पसरू शकतात, हे बाईंनी दोनदा बजावलं.

पहिली बाही मी आणली. शेजारणीने तिला किंमत सांगून टाकली आणि सगळं बिनसलं. काकी ती फक्त लग्नकार्याला आणि गणपतीत घालू लागली. एरवी कागदात गुंडाळून ट्रंकेत. मी रागावले.

"काकी, ती शालू नाही ठेवून द्यायला!"

"तुझ्या पोराच्या तोंडचा काढून माझ्या हाताक? नाय गो चेडवा. कंपनीकडसून येवंदे. हक्काचा असला तर झोपतानाव घालीन."

कंपनीकडे मागितलं. उत्तर आलं की बाही हे अंगावर घालायचं वस्त्र आहे, उपचार नव्हे. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकी खूप हसली. "कापड? माझ्या घोवान जन्मभर कापड काढल्यान. माका शिकवतत कापड काय ता!"

मी अपील केलं. फोर्टातल्या त्यांच्या कचेरीत सुनावणी ठरली. पेशंटला घेऊन या, असं कळवलं होतं. मला बरंच वाटलं. तो हात एकदा पाहिला की कुणीही नाही म्हणणार नाही, अशी माझी खात्री होती.

टॅक्सीने लालबागला गेले तर काकी तयार होऊन दारात उभी. ठेवणीतलं पातळ, नवं पोलकं, अंगावर पदर. कचेरीत अधिकारी आणि त्यांचे डॉक्टर बसले होते, दोघेही सभ्य. मी तयारी करून गेले होते, बोलले. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, हात बघू."

काकीने पदर सारला. हात जवळजवळ डाव्यासारखाच होता. मनगटाचं हाड दिसत होतं. कित्येक महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

"अरे वा, छान आहे की हात! त्रास होतो का?"

"बरा आहे, साहेब," काकी म्हणाली. साहेबांशी ती शुद्ध बोलायची.

माझ्या लक्षात आलं. मी तिच्याकडे पाहिलं. "काकी, काय केलंस?"

"असो सुजलेलो हात घेवन चार माणसांत कसा जावचा?" ती माझ्या कानाशी पुटपुटली. शेजारणीला हाताशी धरून तिने दोन दिवस हात बँडेजने करकचून बांधून ठेवला होता, उशांवर उंच टेकवून. सकाळी सोडला होता.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, दाब दिला तर हात उतरतो, हाच पुरावा आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बँडेजने भागतंय की."

माझ्याजवळ उत्तर होतं. भाकरीचं. ते मी दिलंही. पण ते त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

परतताना भायखळ्याच्या पुलापर्यंत तिचा हात फुगायला लागला होता. नव्या पोलक्याची बाही दंडात रुतली. ती मात्र खुशीत. "साहेब हसलो माझ्याकडे बघून. चांगलो माणूस. होतला काम, बघ तू." पुढे नकाराचंच पत्र आलं.

त्या पावसाळ्यात तव्याचा लहानसा चटका बसला. हात लाल झाला, ताप चढला. तिला दाखल केलं. पहिल्या खेपेला बरी होऊन घरी आली, पुढे हात पुन्हा तसाच लाल झाला त्या खेपेला नाही. दोन्ही खेपांचे इस्पितळाचे पैसे कंपनीने एक प्रश्न न विचारता दिले.

ट्रंकेतली बाही मी फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली, ताणून पाहिली. जवळजवळ नवीच होती. "मापाची आहे हो. दुसऱ्या कुणाला नाही बसायची," त्या म्हणाल्या. मी परत घेऊन आले.

त्यानंतर त्यांनीच माझ्याकडे तशाच सुजलेल्या हातांच्या बायका पाठवायला सुरुवात केली. मी त्यांची अपिलं लिहून देते, सुनावणीला सोबत जाते. कधी मंजूर होतं, बहुतेकदा नाही. निघण्याआधी प्रत्येकीला सांगते, साडी कितीही चांगली नेसा, पण हात आहे तसा आणा. मागच्या महिन्यात घोडपदेवच्या एक मावशी होत्या. त्यांनी माझं ऐकलं होतं, हात उशीसारखा सुजलेला होता. साहेबांनी विचारलं, "कसं वाटतंय, मावशी?"

त्यांनी पदराने हात झाकला आणि म्हणाल्या, "बरं आहे."