तांडेलकाकांच्या डोळ्यातला वारा

आजारी पडावं तर आमच्या तांडेलकाकांनीच! इतक्या उत्साहानं आजारी पडणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझे वडील काकांच्या दांडी गावच्या शाळेत मास्तर होते, तेव्हापासूनचे हे त्यांचे मित्र. वडील गेले, आम्ही सरावलीला राहायला आलो, पण येणंजाणं काही सुटलं नाही. काकांनी जन्मभर बोट चालवली, आता मुलगा चालवतो, आणि रिकाम्या झालेल्या काकांनी आपला सगळा जोर प्रकृतीवर लावला आहे. डॉक्टरकडे जायचं तर इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल आणि सोबत निदान चार माणसं हवीत. एकदा साधं रक्त तपासायचं होतं, तर हे टेम्पो भरून निघाले. तपासणाऱ्या मुलीसाठी सुके बोंबील होतेच. ती बिचारी शाकाहारी निघाली, तर पुढच्या खेपेला तिला नारळ दिले! हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

घोरण्याची तपासणी झाली तेव्हा तर विचारू नका. अंगभर वायरी लावलेला फोटो त्यांनी साऱ्या नातेवाइकांना पाठवला. झोपेत यांचा श्वास मधेमधे चक्क थांबतो, असं रिपोर्टात आलं. दुसरा कोणी हबकला असता. काका मला म्हणाले, "डाक्टर बोलला, लई जोरदार केस हाय! उगाच नाय!" बाजूला काकी कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्याला मशीन कशाला पायजे होती? मला इचारायचं. मी लगीन झाल्यापासून तेच आयकते हाय." काकांचा श्वास अडकला की काकींचाही अडकायचा. मग त्या कोपरानं ढोसायच्या, काका फुर्र करून पुन्हा घोरू लागायचे, आणि काकी पुढच्या थांबण्याची वाट बघत जाग्या राहायच्या. ही बाई इतकी वर्षं नीट झोपलीच नव्हती, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ते हवेचं यंत्र आलं. नाकावर मास्क लावायचा, यंत्र रबरी नळीतून हवेचा दाब देतं आणि श्वासाची वाट उघडी राहते. काकांनी त्याला हार घातला. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाल्यावर उरलेलं कुंकू यंत्राला लावलं आणि अर्धा नारळ त्याच्यापुढे ठेवला. "ही आमची दुसरी बोट," ते येईल त्याला सांगत. काकी मात्र त्या यंत्राच्या एकसुरी आवाजावर पहिल्यांदाच निर्धास्त झोपू लागल्या. तो आवाज चालू आहे म्हणजे नवऱ्याचा श्वास चालू आहे, एवढा साधा त्यांचा हिशोब.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना डोळ्याचं निघालं. काकांच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी गळायचं. अश्रू नाकात उतरायची नळी बंद झाली आहे, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ऑपरेशन करून डोळ्यापासून नाकात नवी वाट काढून दिली. काका ऑपरेशनलाही लग्नाला गेल्यासारखे गेले. पण पुढचं पथ्य जड होतं. नाक शिंकरायचं नाही, आणि जखम भरेपर्यंत यंत्र लावायचं नाही. झालं! काकी पुन्हा पहाऱ्यावर. काका दुपारी पडवीत आडवे झाले की त्या मासळीची पाटी घेऊन उशाशी बसायच्या. हात मासळीत आणि कोपर नवऱ्याच्या बरगडीत!

अखेर डॉक्टरांनी यंत्राला परवानगी दिली, आणि त्याच दुपारी मी कारखान्यात कामावर असताना माझा फोन वाजला. "आरं, ये लवकर! माझ्या डोळ्यातून वारा सुटलाय!" मी पोहोचलो तर पडवीत ही गर्दी. काका मध्यभागी मास्क लावून बसले होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलेलं कोंबडीचं पीस फुरफुर उडत होतं. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बघत होत्या. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू, दोनदा बघितलं! काकांचा चेहरा असा फुलला होता, जणू बोट सोन्याच्या भावानं विकल्या जाणाऱ्या घोळ माशांनी भरून आली होती. डॉक्टरला विचारू या असं मी म्हटलं, तर म्हणाले, "त्याला काय इचारायचं? फटीतून पाणी शिरते तशी ही हवा निघते. आमी काय फटी बुजवल्या नाय?"

आणि त्यांनी खरोखरच बुजवली! लाकडी होडीच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागलं की सांध्यात कापसाची वात ठासून वर राळ लावतात. डोळ्याला राळ लावली नाही, एवढी अक्कल शाबूत होती, हे नशीब. त्यांनी कापसाची वात वळून डोळ्याच्या कोपऱ्यात बसवली, वरून चिकटपट्टी मारली आणि मास्कचे पट्टे करकचून आवळले. दोन दिवसांत डोळा लालभडक, सुजून बंद. मग मात्र काकांचा सगळा उत्साह मावळला. त्यांनी यंत्र फडताळात ठेवून दिलं. "डोळा तरी ठेवतो," म्हणाले, "श्वासाचं काय, इतकी वर्सं चाललाच ना?"

या वेळी फोन काकींचा आला. "तू त्याला ने," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज असा दमलेला होता की मी गाडी काढली आणि काकांना धरून पालघरला नेलं. वाटेत एकाही चहाच्या टपरीवर त्यांनी थांबू या म्हटलं नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. डॉक्टरांनी वात बघितली, फट बुजवल्याची हकिकत ऐकली, कपाळाला हात लावला आणि मग मोठ्यानं हसले. "तांडेल, ही फट नाही, मी मुद्दाम केलेली वाट आहे! ती उघडी आहे म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं. यंत्राची हवा नाकातून त्या वाटेनं वर डोळ्यात येते, एवढंच." त्यांनी डोळ्याला औषध दिलं आणि झोपेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. डोळा निवला, मग यंत्राचा दाब थोडा उतरवला गेला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आला आणि डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब मिळाले. वारा अगदीच गेला नाही, पण नावापुरता उरला. "आपलं आपरेशन यशस्वी हाय!" काका परतीच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगत होते.

त्यानंतर एका दुपारी मी सहज दांडीला गेलो. पडवीत यंत्र मंद घुमत होतं. काका मास्क लावून उताणे पडले होते, आणि त्यांच्या पायाशी भिंतीला टेकून काकी गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले, पुढ्यात अर्धी सोललेली कोलंबी. मी हाक मारणार, तोच काकांनी डोळे उघडले. ते टक्क जागे होते. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि मास्क जरासा उचलला.

"झोप नाय आली?" मी कुजबुजलो.

"झोप कवाच झाली," ते म्हणाले. "पण हे बंद केलं तर ती उठंल."

त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला आणि छताकडे बघत पडून राहिले. मी चपला हातात घेऊन पायरी उतरलो.